हात पोचेल तिथे

पहिल्या दिवशी भिंतीवर आम्ही एक बाई चिकटवली.
नाव मार्गारेट, वय सदुसष्ट, आवड बागकाम.
तिच्या डोक्याभोवती पिवळ्या चिठ्ठ्या:
तिला काय दिसतं, काय ऐकू येतं, काय खुपतं.
गॅरेथ म्हणाला, तिच्या जागी उभे राहा.
आम्ही सगळे खुर्च्यांत बसून
तिच्या जागी उभे राहिलो.

प्रश्न तसा साधा.
हेअरहिल्सहून लीड्सच्या बाजारात येणारी बस
दाराशी तुंबते.
मागे नाचता येईल इतकी जागा,
आणि थांब्यावरची माणसं गारठ्यात मागे राहतात.
ड्रायव्हर ओरडतो, आत सरका.
कुणी सरकत नाही.

आम्ही जमिनीवर हिरवे बाण काढले.
लोक बाणांवर उभे राहिले, दाराशीच.
मग पाटी लावली: कृपया.
मग दोनदा कृपया.
ओलुचीने पुठ्ठ्याची बस केली, आत लेगोची माणसं.
लेगोची माणसं फार समजूतदार,
बोटाने ढकलली की आत जातात.

तिसऱ्या आठवड्यात वही घेऊन मी चढले.
नोव्हेंबर. सातला दहा कमी.
काचांवर सगळ्यांच्या श्वासांची साय,
ओल्या लोकरीचा वास.
मॉरीन होलरॉइड दाराच्या खांबाला बिलगून होती.
इस्पितळाच्या चादरी मोजते, एकतीस वर्षं.
विचारलं, आत का सरकत नाही?
"आत धरू काय, लव्ह?"
(इथे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात, मनावर घ्यायचं नाही.)
तिने हात वर केला.
वरचा पट्टा तिच्या बोटांपासून वीतभर लांब.
तेवढ्यात बस वळली.
तिने माझी बाही धरली, मी तिची.

आणि तेव्हा,
किती वेळ लागावा एखाद्या माणसाला,
मला माझाच हात दिसला.
चार फूट अकरा.
नऊ वर्षं मी या शहरात कुणाच्या तरी कोटाच्या
काखेशी नाक लावून उभी आहे,
दाराजवळ, खांब धरून.
काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात;
इथे कळसा मीच होते, काख परक्याची.

दोनशे बारा मुलाखतींत
एक उत्तर मी नोंदवलं नव्हतं.
मला वाटायचं, बुटकेपणा ही घरगुती बाब.
लहानपणी आई दांड्याला लटकवायची, उंची वाढावी म्हणून.
वाढली नाही.
आता लटकायला दांडाच पोचत नव्हता.

कंपनीच्या जुन्या कागदांत शोधलं,
पट्ट्यांची उंची ठरवली कुणी?
एक रेखाचित्र निघालं: पुरुष, सरासरी, पाच फूट नऊ.
चेहरा नाही. आवड लिहिलेली नाही.

मी मागितलं ते एवढंच:
एक बस, बारा पट्टे, वीतभर लांब.
बाणांच्या रंगाहून स्वस्त.
बैठकीत कुणीतरी म्हणालं, इतकंच?
त्या इतकंचला काय उत्तर द्यावं कळेना,
मी बिस्किट खाल्लं.

सहा आठवड्यांनी त्या बसमध्ये
खेपेला सात माणसं जास्त मावू लागली.
शिवाय एक पत्र आलं.
डेरेक सदरलंड, सहा फूट चार,
पट्टा रोज कपाळावर आपटतो,
हे कोणी सुचवलं ते कळवावं.
मी मार्गारेटला भिंतीवरून उतरवलं
आणि तिथे डेरेकचं पत्र लावलं.
आता पट्टे लहानमोठे, आलटून पालटून.
गॅरेथ त्याला दुसरी आवृत्ती म्हणतो.

काल मॉरीन भेटली, चक्क तिसऱ्या रांगेपर्यंत आत.
म्हणाली, गर्दी आहेच की अजून.
आहेच.
बाजाराच्या वळणावर बसने हेलकावा घेतला.
तिचा एक हात पट्ट्यात होता.
दुसऱ्याने तिने माझी बाही धरली,
गरज नसताना.
ही नोंद कुठल्या रकान्यात करायची
ते मी अजून ठरवलेलं नाही.